आईच्या ओटीतली भाजी

यंदा पहिला पाऊस पडून गेल्यावर जो रविवार आला, त्या दिवशी आमच्या घरातील तीन माणसांचे घसे एकाच वेळी खाजू लागले. दवाखाना गाठावा असे काही नव्हते, पण संध्याकाळपर्यंत कोणाला धड बोलता येईना. कारण भाजीचे होते, आणि ती भाजी आणणारे आम्हीच होतो.

त्याचे असे झाले. आमच्या आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मे महिन्यात झाले. काही आठवडे धुरात, धुळीत, गर्दीत जायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले. त्यामुळे इतकी वर्षे तिच्याकडे असलेले भाजीबाजाराचे खाते आमच्याकडे आले. आम्ही बदलापूरला राहतो. पावसाळा लागला की नेरळ, भिवपुरी, वांगणी या बाजूने सकाळच्या लोकलने आणि मुरबाडकडून मिळेल त्या गाडीने ठाकर व कातकरी समाजाच्या बायका टोपल्या घेऊन येतात आणि स्टेशनबाहेर बसतात. त्यातल्या एका मावशींपुढे तपकिरी-जांभळट कोंबांच्या जुड्या दिसल्या. "शेवळं हायेत दादा, पयल्या पावसाची. पुन्हा नाय मिळायची," त्या म्हणाल्या. आईच्या हातची शेवळाची भाजी आम्ही दर जून महिन्यात खात आलेलो. दोन जुड्या घेतल्या आणि मोठ्या ऐटीत घरी आलो.

आमची पत्नी मूळची वाशीमकडची. तिकडे शेवळे खात नाहीत. लग्नानंतर इतकी वर्षे ती भाजी सासूबाईच करीत आल्या, त्यामुळे तिने इतर भाजीसारखीच चिरली, कांदा-लसणाची फोडणी दिली, वर ओले खोबरे घातले. दिसायला झकास झाली. आम्ही, पत्नी आणि मुलगी जेवायला बसलो. आईला डोळ्यांत थेंब घालायचे होते म्हणून ती मागे राहिली. चार घास झाले नाहीत तोच घशात बारीक सुया टोचल्यासारखे होऊ लागले.

आई आतून आली. ताटाकडे पाहून म्हणाली, "काकडं घातली का गं?"

पत्नी म्हणाली, "काकडी? शेवळात काकडी घालतात का, आई?"

"काकडी न्हाई बाई, काकडं! आंबट फळं असत्यात हिरवी. ती न्हाई घातली तर शेवळं गळ्याला धरतेत." असे म्हणून ती जी हसत सुटली, ती आमसुलाचे पाणी करून देईपर्यंत हसतच होती.

शेवळ हा सुरणाच्या कुळातला. त्या कुळाच्या भाजीत खाज असतेच, आणि ती मारायला आंबट लागते. आईने मग रीत सांगितली. हाताला आधी तेल लावायचे. कोंबाचे बाहेरचे पापुद्रे सोडवायचे, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा. उरलेले बारीक चिरून तेलात चांगले परतायचे. काकडे ठेचून उकडायची, बिया काढायच्या आणि तो आंबट रस भाजीत घालायचा. काकडे नसतील तर चिंचेचा कोळ, पण हात सैल ठेवून. ज्यांना चालते त्यांनी मूठभर सोडे घालावेत. शेवळे विकणाऱ्या मावशींजवळ काकडांचा वेगळा वाटा असतो. आमच्या मावशींनी तो दाखवलाही होता. आम्हीच "नको, नको" म्हणून पुढे आलो होतो.

गंमत अशी की आमची आई बीड जिल्ह्यातली. शेवळ तिच्याही गावचा नव्हे. आमच्या वडिलांना इकडे कारखान्यात काम लागले आणि १९८७ साली आम्ही सगळे इकडे आलो. त्यानंतर स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका ठाकर समाजाच्या आजीने तिला ही भाजी शिकवली. आईने ती पोटात साठवली आणि पस्तीस वर्षे आम्हाला रांधून घातली. आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनी करतो, लोकांचे अर्ज आणि हिशेब लिहून देतो. आईच्या डोक्यातले हे खाते मात्र आम्ही एकदाही कागदावर उतरवले नव्हते. घसा खाजला तेव्हा ते ध्यानात आले.

आमच्या वाचकांपैकी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माता-भगिनींना पुढचे सांगण्याची गरज नाही, पण त्यांच्या मुला-सुनांना सांगावे लागेल. आमच्या आईला भाजी बाजारातून आणायची असते हे लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हते. घरी जमीन नाही. आई-आजी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. ज्वारी, तूर, मूग यांच्या ओळींमधून जे उपटायचे त्यातच भाजी असायची. तांदुळजा, कुर्डू, घोळ, चिघळ, पाथरी. खुरपता खुरपता कोवळे शेंडे वेगळे काढायचे आणि लुगड्याच्या ओटीत टाकायचे. दिवस मावळताना बांधावर मालकीण उभी असायची आणि प्रत्येकीला ओटी झाडून दाखवायला लावायची. कोणी मुगाच्या शेंगा नेत नाही ना, हे बघायला. शेंगा निघाल्या तर मजुरी कापली जायची. भाजी निघाली तर तिला कोणी हात लावीत नसे, कारण मालकिणीच्या लेखी ते तण होते. आई हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात राग नसतो. "आपली भाजी आपल्याला घावायची," एवढेच म्हणते. राग आम्हाला येतो.

१९७२ च्या दुष्काळात आई चौदा-पंधरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या लाल भाकरी खायच्या. पीक नाही तिथे तण तरी कुठले उगवणार? पण घोळीचे पान मांसल असते, ते पाणी धरून ठेवते. विहिरीच्या कडेला, सांडपाण्याच्या ओलीवर ती तग धरून होती. आई सांगते की त्या वर्षी तिची आई मिलोच्या पिठात घोळ कालवून भाकरी थापायची, म्हणजे पीठ पुरायचे आणि भाकरी घशाखाली उतरायची. घोळ दिसली की आई आजही तिला नुसते "घोळ" म्हणत नाही, "घोळबाई" म्हणते.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला बरी वाटत नाही, पण सांगितली पाहिजे. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात आईने डब्यात कुर्डूची भाजी आणि ज्वारीची भाकरी दिली. दुपारी सगळे एकत्र डबे उघडून बसले. एकाने डब्यात डोकावून विचारले, "काय हो, रान उपटून आणलंत का?" बाकीचे हसले. आम्हीही हसलो. घरी येऊन आईला म्हणालो, "उद्यापासून बटाटा देत जा." तिने कारण विचारले नाही. पुढे कित्येक वर्षे आमच्या डब्यात बटाटा, कोबी, फ्लॉवर, मटार यांची आलटून-पालटून हजेरी होती. पालेभाजी घरी रात्री व्हायची, डब्यात नाही. आमच्या मुलीने ते पाहिले आणि तिनेही शाळेच्या डब्यात हिरवे काही नेले नाही. लाज अशी न बोलता वारशाने जाते.

अलीकडे काय झाले आहे ते वाचकांना माहीत आहेच. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. टेबलावर पांढरे कापड, त्यावर सुपात टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, आणि प्रत्येकीपुढे तिचे शास्त्रीय नाव लिहिलेली पाटी. आम्ही एका वर्षी असा महोत्सव पाहायला गेलो होतो. कुर्डूच्या जुडीपुढे चांगले कपडे घातलेली माणसे रांगेने उभी होती. आनंद झाला, आणि आत कुठेतरी टोचलेही. ज्याने आमच्या डब्याला रान म्हटले होते त्या गृहस्थांनी मध्यंतरी आम्हालाच फोन करून टाकळा कुठे मिळतो म्हणून विचारले. त्यांना डायबिटीस आहे म्हणे. आम्ही पत्ता सांगितला. वैर धरण्याएवढी ती गोष्ट मोठी नाही.

खरी काळजी वेगळी आहे. इकडे शहरात या भाज्यांचे कौतुक वाढत असताना तिकडे रानातून त्या नाहीशा होत आहेत. आईच्या गावात ज्वारी-मूग मागे पडले आणि सोयाबीन-कापूस आला. खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकरी पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारतो. त्याचीही अडचण आहे, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण तण म्हणून जे मरते त्यात तांदुळजा, कुर्डू, घोळ हेच असतात. खुरपणारणीची मजुरी गेली आणि तिच्या ओटीतली भाजीही त्याच पंपाने गेली. गेल्या पावसाळ्यात गावी गेलो तेव्हा आमच्या मामेबहिणीने आठवडी बाजारातून आणलेली कोबीची भाजी वाढली. चारी बाजूंनी रान आणि ताटात गाडीतून आलेला कोबी! तिला विचारले तर म्हणाली, "बांधावरचं आता भ्या वाटतं दादा. कवा फवारलंय ते कुणाला ठावं?" तिचे भय खरे आहे. फवारलेल्या रानातली भाजी खाऊ नये, हे आम्हीही सांगू.

म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या या मावशी आमच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. त्यांची भाजी माळावरची, जंगलाच्या कडेची, किंवा घरामागच्या परड्यातली असते. आदल्या दिवशी दुपारभर हिंडून खुडायची, संध्याकाळी जुड्या बांधायच्या, पहाटे गाडी पकडायची. एका मावशींजवळ बसून आम्ही एकदा त्यांचा जमाखर्च मांडला, सवयच आहे. टोपलीत पंचवीस वाटे, वाटा वीस रुपयांना. सगळे खपले तर पाचशे. त्यातून भाडे, चहा, आणि दुपारनंतर उरलेले सहा-सात वाटे पडत्या भावाने. हातात राहतात साधारण साडेतीनशे-चारशे, आणि ते दीड दिवसाच्या कामाचे. त्यातही स्टेशनसमोरून उठवणारी गाडी आली की टोपली उचलून पळायचे. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात जंगलातील गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला आहे. तो हक्क बाजारात बसायला चार फूट जागा मिळेपर्यंत पोचत नाही. आपणही पाच रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करतो. मॉलमध्ये पाकिटावर छापलेली किंमत आपण निमूट देतो, हे आमच्या मुलीने आमच्याच तोंडावर सांगितले.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. घसा खाजल्याच्या प्रकरणानंतर आम्ही दोनशे पानी वही आणली. आई सांगते, आम्ही लिहितो, पत्नी करून बघते आणि चुका काढते. आमच्या वसाहतीतील विहारात वर्षावासाच्या रविवारी महिला जमतात. तिथे ही वही नेली तर अर्धा तास नावांवरूनच भांडण झाले. आई म्हणते टाकळा, वाशीम-अकोल्याकडच्या म्हणतात तरोटा. आईची चिघळ म्हणजे त्यांची चिवळ. कंटोळीला कोणी करटोली म्हणते, कोणी करटुली. एक काकू सांगलीच्या, त्यांना शेवळ ठाऊक नाही पण पाथरीच्या नावाने डोळ्यांत पाणी आले. पाथरी त्या कच्चीच खायच्या, मीठ-तेल लावून, भाकरीबरोबर. शेवटी ठरले की सगळी नावे लिहायची, कोणाचेही खोडायचे नाही.

आईची पहिली शिकवण फोडणीच्या आधीची आहे: भाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. पावसाळ्यात मात्र माती आणि किडे फार, म्हणून मोठ्या पातेल्यात तीन पाण्यांतून काढायची. पाणी ओतायचे नाही, भाजी वर उचलायची, म्हणजे माती तळाशी राहते. जुडी निवडल्यावर किती उरते हेही आम्ही तराजूवर पाहिले. टाकळ्याची तीनशे ग्रॅमची जुडी निवडून एकशे ऐंशीच्या आसपास भरली. म्हणून चार माणसांना दोन जुड्या लागतात.

तांदुळजाला फार काही करावे लागत नाही. तेलात ठेचलेला लसूण लाल होऊ द्यायचा, दोन सुक्या मिरच्या, वर भाजी, मीठ सगळ्यात शेवटी. भाजी आळून एवढीशी होते, आधी मीठ घातले तर खारट होणार हे नक्की. झाकण ठेवायचे नाही. कुर्डूही तसाच, पण त्याचे फक्त कोवळे शेंडे घ्यायचे आणि तासभर भिजवलेली मूठभर मुगाची डाळ घालायची. टाकळ्याला उग्र वास असतो, म्हणून मुले नाक मुरडतात. त्याची पाने बोटाच्या पेरापेक्षा मोठी झालेली घेऊ नयेत. कांदा सढळ हाताने घालावा, डाळ किंवा ओले खोबरे घालावे, आणि गरम गरम वाढावा. निवलेला टाकळा आम्हालाही आवडत नाही, खोटे कशाला बोला. घोळीला आंबूस चव असते. तिच्यात तुरीची डाळ घालून पातळ करावी, किंवा ज्वारीचे नाही तर डाळीचे पीठ पेरून कोरडी. भारंगी कडू. ती उकडून, पाणी काढून, पिळून घ्यावी लागते. तिथे सत्त्व गेले म्हणून रडू नये. काही भाज्यांचे पाणी टाकायचे असते आणि काहींचे ठेवायचे असते, हेच तर शिकायचे आहे.

अंबाडीसाठी मात्र थोडे थांबू या, कारण आमच्या घरात ती सणाची भाजी आहे, जरी तिच्यासाठी सण लागत नाही. पाने खुडून घ्यायची, देठ टाकायचे. उकळत्या पाण्यात पाने शिजवून, गाळून, हाताने पिळायची म्हणजे जास्तीचा आंबटपणा जातो. दुसऱ्या पातेल्यात वाटीभर तुरीची डाळ, अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या आणि मूठभर शेंगदाणे मऊ शिजवायचे. कण्या नसतील तर तांदळाची कणी चालते. त्यात अंबाडी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि मीठ घालून पळीने घोटायचे. इतके घोटायचे की डाळ कुठली आणि पाला कुठला ते कळू नये. मग लोखंडी पळीत तेल चांगले तापवायचे, त्यात लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, त्या बदामी झाल्या की लाल मिरची, आणि ती चुरचुरणारी फोडणी वाढताना प्रत्येकाच्या भाजीवर ओतायची. पातेल्यात नाही, ताटात. याबाबत आई कोणाचे ऐकत नाही. सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि कच्चा कांदा. आमची मुलगी, जी हिरवे काही खात नव्हती, तिने या वर्षी पहिल्यांदा दुसऱ्यांदा वाढून घेतले. आई काही बोलली नाही, पण पुढच्या फोडणीत लसूण जास्त पडला.

आता थोडे आकड्यांत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो खाली येण्याऐवजी वर गेला. नुसत्या पालेभाजीने रक्त भरून येते असे कोणी समजू नये. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या डब्यात ठेवून देण्यासाठी नसतात. पण पालेभाजीत लोह आहे, आणि ते अंगी लागण्यासाठी दोन बिनखर्ची गोष्टी आहेत. एक, भाजीवर लिंबू पिळावे, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह शरीर जास्त घेते. दुसरी, जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहामुळे ते लोह अडते. आमच्या वसाहतीत दुपारच्या जेवणानंतर चहाचे आधण ठेवलेच जाते, आणि तो चहा बहुधा रक्त कमी असलेल्या बाईच्याच हातचा असतो. तास-दीड तास थांबावे, एवढेच.

आणखी काही सूचना महिला मंडळाच्या चर्चेत निघाल्या, त्या लिहून ठेवतो. ओळखीचा पाला नसेल तर स्वतः खुडून आणू नये, मोबाईलवरचे चित्र पाहून तर मुळीच नाही. जाणत्या माणसाकडूनच घ्यावा आणि पहिल्यांदा थोडाच खावा. नाल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी कितीही टवटवीत आणि स्वस्त दिसली तरी टाळावी. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी घोळ, माठ यांसारख्या भाज्या डॉक्टरांना विचारून खाव्यात. आणि ज्यांच्या चाळीच्या आवारात शेवग्याचे झाड आहे त्यांनी शेंगांची वाट पाहत बसू नये, त्याचा कोवळा पालाही उत्तम भाजी आहे आणि तो फुकट आहे.

बियाणे जपण्याचे कामही बायकांनीच केले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी घराच्या परसात गावठी भाज्यांची, वालांची, भातांची बियाणी जमवली आणि वाटली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या आईला हे वाचून दाखवले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "तिच्याजवळ आंबाडीचं बी हाय का?" या वर्षी आम्ही गॅलरीत तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत अंबाडी पेरली आहे. चार माणसांची एक वेळची भाजी निघेल एवढीच आहे, पण आई रोज सकाळी एका डोळ्यावर हात धरून, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ती पाहते. पाने स्पष्ट दिसतात म्हणते.

वहीत आतापर्यंत एकोणीस भाज्या झाल्या. हिवाळ्याची पाने कोरी आहेत. करडई, चाकवत, हरभऱ्याचा पाला यांची वेळ अजून यायची आहे. हरभऱ्याविषयी आईने आधीच बजावून ठेवले आहे की तो पाला धुवायचा नाही, त्याची आंब पाण्याने जाते, म्हणून घेतानाच स्वच्छ बघून घ्यायचा. आम्ही हे लिहून घेत होतो तेव्हा पत्नीने बाजारातून आणलेली टाकळ्याची जुडी आईच्या मांडीवर ठेवली. आईने चष्मा लावला नाही. एक पान बोटांत चुरगाळले, नाकाजवळ नेले आणि जुडी परत दिली. "जून झालाय. आता फुलं यायला लागतील याला. ह्या साली पुरे, आता कुर्डू बघा."